उर्वरित मजकूर पान पाचवर

२ मार्च, सोमवार

आजपासून मी संपादक. प्रभारी, पण संपादक.

बाबा गेल्या महिन्यात निवृत्त झाले. गुडघे गेले, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यांच्या जागी कायमचं कोण, हे अजून ठरायचंय. काका (बाबांचे धाकटे भाऊ, आमच्या सांजदैनिकाचे व्यवस्थापकीय संचालक) म्हणाले, ठरेपर्यंत तू बस. ठरेपर्यंत म्हणजे माझं ठरेपर्यंत, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. घरच्या माणसांत सगळंच बोलून दाखवायचं नसतं.

तशी माझी तयारी जन्मापासूनचीच. मला अक्षरं बाबांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर, अंकाच्या प्रुफांवर शिकवली. शाळेत घातलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर लिहिलेल्या दोन चुका काढल्या. त्यामुळे शाळेत मैत्रिणी कमी, पण पाया पक्का.

खोली चांगली आहे. खुर्चीत बसलं की पाय जमिनीला टेकत नाहीत, पण टेबलाखालचं कोणाला दिसत नाही.

संकल्प: आवाज ठाम ठेवायचा. दार उघडं ठेवायचं, म्हणजे कोणालाही केव्हाही आत येता येईल. खोटं छापायचं नाही.

शेवटचा सोपा आहे.

३ मार्च

दार आपोआप बंद होतं. जुन्या अंकांचा गठ्ठा लावून उघडं ठेवलं. कोणी आलं नाही. नव्या माणसाचा सुरुवातीला धाक असतोच.

जेवणाच्या सुट्टीत खेळपानच्या टेबलाशी गेले. (क्रीडापान सांभाळते म्हणून तिला खेळपान म्हणतात. डेस्कवर आम्ही दोघी कित्येक वर्षं शेजारी बसलो, एकमेकींचे डबे खाल्ले.) ती उठून उभी राहिली. मग बाकीचेही उठले. म्हटलं, बसा, बसा. बसले. त्यानंतर सगळे फार मन लावून जेवत होते. खुर्ची नव्हती म्हणून मी उभीच. खेळपान म्हणाली, काही काम होतं का मॅडम? मी म्हटलं, नाही, पंखा चालतो का ते पाहायला आले.

पंखा चालत होता.

संपादकाने खोलीतच जेवावं हे बरं. विचाराला वेळ मिळतो.

५ मार्च

एक गंभीर गोष्ट लक्षात आली. म्हणजे लक्षात पूर्वीपासून होतीच, पण आता जबाबदारी माझी आहे.

आमचा अंक साडेअकराला छापायला जातो आणि दुपारी दोनला रस्त्यावर येतो. शहरातले कार्यक्रम मात्र संध्याकाळी. तेव्हा आमच्याकडे रीत अशी की पाचच्या कार्यक्रमाची बातमी सकाळी दहालाच लिहून टाकायची, झाल्यासारखी. 'समारंभ उत्साहात पार पडला.' 'टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत झाले.' ऑफिसात या बातम्यांना 'आगाऊ' म्हणतात. वृत्तसंपादक सकाळी आल्या आल्या विचारतात, आज आगाऊ किती आहेत?

वृत्तसंपादकांना सगळे कात्री म्हणतात. हाताला लागेल ते कापतात. स्वतःच्या रजेच्या अर्जातलंसुद्धा एक वाक्य त्यांनी कापलं होतं. मला लहानपणापासून 'छोटी' म्हणायचे, आता 'छोटी मॅडम' म्हणतात. तडजोड आहे, पण मानाची आहे.

त्यांना ठाम आवाजात सांगितलं, सोमवारपासून आगाऊ बंद. जे घडलेलं नाही ते छापायचं नाही. ते म्हणाले, छोटी मॅडम, सभा संपतेच. टाळ्या वाजतातच. तुमच्या वडिलांनी तीस वर्षं हेच छापलं, एकदासुद्धा टाळ्या चुकल्या नाहीत. मी म्हटलं, गेल्या वर्षी नाट्यमहोत्सवाचा मांडव पडला आणि आपण 'रंगतदार सांगता' छापलं. ते म्हणाले, पाहणाऱ्यांना रंगतदारच वाटली असणार.

मी हसले नाही. हसायला आलं होतं.

९ मार्च, सोमवार

आगाऊ बंद. दुसऱ्या पानावर दोन कॉलम रिकामे राहिले. पांढरे सोडून द्या म्हटलं. प्रामाणिकपणा दिसला पाहिजे.

दुपारी काकांचा फोन. जाहिरातवाल्यांना लोक विचारताहेत, ती जागा भाड्याने द्यायची आहे का. काका हसत होते. हसण्याचे पुष्कळ प्रकार असतात, हा कौतुकाचा होता.

११ मार्च

मध्यम मार्ग सापडला. भूतकाळाऐवजी भविष्यकाळ. 'समारंभ पार पडणार आहे.'

घरी येता येता विचार केला, पडणार आहे हे तरी मी कोणाच्या भरवशावर सांगते?

१२ मार्च

'पार पडण्याची शक्यता आहे.' हे निर्दोष आहे. बाहेर पडताना मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं. हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. जिन्यात शिपाईमामा भेटले. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, हो का.

१७ मार्च

कात्री आज खोलीत आले. (दार उघडं ठेवल्याचा उपयोग होतो.) हातात अंक. तिसऱ्या पानावरच्या हवामानाच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, 'सूर्यास्त सहा पन्नासला होण्याची शक्यता आहे' हे तुम्ही केलंत का? मी म्हटलं, हो, सगळीकडे एकच नियम. ते म्हणाले, आणि नाही झाला तर?

तर आपण चुकीचे ठरणार नाही, मी म्हटलं.

ते अंक काखेत मारून गेले. पटलं असावं.

२० मार्च

बाबांना अंक दाखवला. बाबा हल्ली आपला अंक वाचत नाहीत. सकाळी येणारा दुसऱ्यांचा पेपर वाचतात, आणि तोही शब्दकोडं सोडवण्यापुरता. म्हणतात, तीस वर्षं मिठाईच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाला गोड खायला सांगू नये.

आज मात्र चष्मा लावून पहिलं पान पाहिलं. मी समोर उभी, अगदी लहानपणी उभी राहायचे तशी. म्हणाले, स्वच्छ आहे. मग म्हणाले, जेवलीस का दुपारी? मी म्हटलं, हो. कोणाबरोबर? मी म्हटलं, खोलीत.

बाबा शब्दकोड्याकडे वळले. 'स्वच्छ' हा त्यांच्या तोंडून मोठा शब्द आहे.

२४ मार्च

नाक्यावरच्या पेपरवाल्याने माझ्या डोळ्यांदेखत एका गिऱ्हाइकाला सांगितलं, हा घेऊ नका, यात सगळं घडेल, घडू शकेल. त्यापेक्षा ज्योतिषी बरा, तो निदान छातीठोक सांगतो.

मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. सांगितलंही नाही. अंक मात्र विकत घेतला. खपाला हातभार.

३० मार्च, सोमवार

महत्त्वाचा दिवस. सविस्तर लिहिते.

काकांनी खोलीत येऊन, दार लावून घेऊन सांगितलं की दहा तारखेला, शुक्रवारी चार वाजता संचालकांची बैठक आहे. संपादकपदाचा विषय त्या दिवशी संपवून टाकायचा. तू हजर राहा, नीट तयार होऊन ये. मी म्हटलं, बाबांना हे माहीत आहे का? काका म्हणाले, दादांशीच तर बोलून ठरवलंय. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तू फार केलंस पोरी. आता तुझ्यावरचा ताण संपेल.

म्हणजे 'प्रभारी' जाणार. शेवटच्या पानाच्या तळाशी, जिथे संपादकाचं नाव बारीक अक्षरात छापतात, तिथे तो शब्द माझ्या नावापेक्षा ठळक आहे. रोज पाहते. कोणी मुद्दाम केलं नसणार.

आनंद झाला. दार लावलेलंच होतं म्हणून थोडा वेळ एकटीच हसले.

२ एप्रिल

सुतार आला होता. काकांनी पाठवला. नवी खुर्ची करायची आहे म्हणाला. जुनीची मापं घेतली आणि ती वाढवून लिहू लागला. मी म्हटलं, एवढी उंच नको, आत्ताच पाय टेकत नाहीत. तो म्हणाला, तुमचे कसे टेकतील हो बाई.

हातात कसब असलेली माणसं बोलायला रोखठोक असतात.

टेबलही मोठं करणार आहेत. काका काही विसरत नाहीत.

६ एप्रिल

खेळपान आज आपणहून खोलीत आली. दार ढकललं, आणि मॅडम म्हणाली नाही. म्हणाली, तुला त्यांनी स्पष्ट सांगितलंय का, की तुलाच करताहेत? मी म्हटलं, स्पष्टच आहे. ती म्हणाली, स्पष्ट असणं वेगळं आणि सांगणं वेगळं. एकदा विचार ना काकांना सरळ. तू एरवी सूर्याचासुद्धा भरवसा धरत नाहीस.

वाईट वाटलं. एवढ्या वर्षांची ओळख, आणि माझं भलं होताना तिला पाहवत नाही. तिला ठाम आवाजात धन्यवाद दिले. ती म्हणाली, जेवायला येतेस का? आज मी जास्तीचं आणलंय. मी म्हटलं, काम आहे.

काम नव्हतं. पण लगेच हो म्हटलं असतं तर ठामपणा राहिला नसता. उद्या विचारलं तर जाईन.

७ एप्रिल

विचारलं नाही.

८ एप्रिल

रात्रभर एक प्रश्न छळत होता. (झोपले, पण प्रश्न छळत होता.)

बैठक शुक्रवारी चारला. आमचा अंक त्याआधी दोनला बाहेर. म्हणजे माझ्या नेमणुकीची बातमी आम्हाला शनिवारी दुपारी देता येणार. आणि सकाळचा पेपर ती शनिवारी सकाळी देणार. आमच्याच घरची बातमी, आणि आमच्या आधी दुसरे देणार. संपादक म्हणून हे मला मान्य आहे का?

नाही.

पण मग आगाऊ?

९ एप्रिल

पूर्ण विचार केला. दोन्ही बाजू मांडल्या.

आगाऊ का वाईट? कारण ती न घडलेल्या गोष्टीची बातमी असते. माझ्या बाबतीत गोष्ट घडली आहे. काकांनी आणि बाबांनी बोलून ठरवलं तेव्हाच ती घडली. शुक्रवारी चार वाजता फक्त ती मोठ्याने म्हटली जाणार आहे. तेव्हा ही आगाऊ नाही. उलट, उशिराच आहे.

'शक्यता आहे' घालावं का यावरही विचार केला. स्वतःच्या नेमणुकीला 'शक्यता' लावणं हा संचालकांवर अविश्वास होईल.

बातमीबरोबर जीवन आणि कारकीर्द द्यायची पद्धत आहे. लिहायला बसले. जीवन: जन्म, घरी शिक्षण, मग शाळा, मग डेस्क. चार ओळींत संपलं. कारकीर्दीला निदान एक कॉलम तरी हवा. नमुना म्हणून कॉम्प्युटरवरचं 'व्यक्ती' नावाचं फोल्डर उघडलं. तिथे शहरातल्या सगळ्या मान्यवरांचं जीवन आणि कारकीर्द तयार असते, म्हणजे ते गेले की धावपळ नको. एका मुख्याध्यापकांचा लेख आवडला. (ते हयात आहेत. काल भाजी घेताना दिसले.) भाषा भारदस्त. 'शिस्तीचे भोक्ते', 'सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे', 'त्यांचे दार सदैव उघडे असे'. त्यांचं नाव काढून सगळीकडे एकदम माझं घातलं. कॉम्प्युटर करतो ते. मग वरपासून वाचत पुल्लिंगाचं स्त्रीलिंग आणि भूतकाळाचा वर्तमानकाळ करू लागले. 'दार सदैव उघडे असते.' खरंच असतं.

पुष्कळ लांब झालं. पहिल्या पानावर मावेल तेवढं तिथे, आणि खाली 'उर्वरित मजकूर पान पाचवर'. पहिल्या पानावरचा भाग सात वेळा वाचला. एकही चूक नाही.

कोणाला दाखवलं नाही. स्वतःबद्दलचा मजकूर दाखवत फिरणं बरं दिसत नाही.

१० एप्रिल, शुक्रवार, सकाळी ११.४०

पान छपाईला मी स्वतः सोडलं. कात्रींना म्हटलं, पहिलं आणि पाचवं मी पाहिलंय, तुम्ही बाकीची बघा. ते म्हणाले, पाचवंही? मी म्हटलं, हो.

नवी खुर्ची आली आहे. बसून पाहिलं. अंमळ उंच आहे. सवय होईल.

१० एप्रिल, संध्याकाळी

क्रमाने लिहिते. क्रम सोडला तर लिहिता येणार नाही.

चारला पाच मिनिटं कमी असताना बैठकीच्या खोलीत गेले. काका अजून आले नव्हते. एक उंच गृहस्थ एकटेच बसले होते. वाटलं, नवे संचालक असतील. त्यांना पाणी विचारलं. आजचा अंक दिला आणि म्हटलं, पहिलं पान बघा. त्यांनी बघितलं. नवल वाटल्यासारखे भुवया उंचावून म्हणाले, अभिनंदन. मी म्हटलं, उरलेलं पाचवर आहे. त्यांनी पान उलटलं. वाचलं. मग अंकावरून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा अंकाकडे. फार हळू आवाजात म्हणाले, तुम्ही बसा ना. खुर्ची ओढून दिली.

काका आले, बाकीचे संचालकही आले. प्रत्येकाच्या हातात अंक होता. पाचवं पान उघडलेलं.

काकांनी मोठ्याने वाचलं. मी इथे जसंच्या तसं उतरवते. माझं नाव, आणि पुढे: 'यांच्या मागे पत्नी, दोन मुलगे, सुना व नातवंडे असा परिवार आहे. आज सायंकाळी शोकाकुल वातावरणात त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. अंत्ययात्रेत आजी-माजी विद्यार्थी मोठ्या संख्येने सहभागी झाले होते.'

पाचव्या पानावर गेलेला भाग मी वाचलाच नव्हता. सातही वेळा पहिलंच पान वाचलं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. काकांनी अंकाची घडी घातली आणि त्या उंच गृहस्थांची ओळख करून दिली. सकाळच्या पेपरात कित्येक वर्षं संपादक होते. सोमवारपासून आमच्याकडे. काका म्हणाले, तुला इथे बोलावलं ते तू यांना सगळं समजावून द्यावंस म्हणून. मी म्हटलं, पण तुम्ही म्हणालात, विषय संपवायचा. काका म्हणाले, हो, हाच विषय. मी म्हटलं, ताण संपेल म्हणालात. ते म्हणाले, मग, संपला ना पोरी.

मी विचारलं, माझं नाव विचारात होतं का? सगळ्यांनी कागद चाळले. काका म्हणाले, खोली रिकामी दिसू नये एवढंच होतं गं. तुझ्या मनात असं काही असेल हे कोणाला वाटलंच नाही.

नवे संपादक म्हणाले, पहिल्या पानावरची भाषा चांगली आहे.

१० एप्रिल, घरी

बाबांनी अंक वाचला होता. पाचव्या पानासकट. बऱ्याच दिवसांनी शब्दकोडं बाजूला होतं. म्हणाले, माझ्या आधी जातेस होय.

मी विचारलं, काकांनी तुम्हाला विचारलं होतं? म्हणाले, हो. तुम्ही काय सांगितलंत? म्हणाले, तिला नको, असं सांगितलं.

मी विचारलं, मला जमत नव्हतं म्हणून?

बाबा म्हणाले, तीस वर्षं मी त्या खोलीत बसलो. लोक आत यायचे, सही घ्यायचे, जायचे. तुझी आई गेली त्या आठवड्यातसुद्धा सह्याच घेऊन गेले. ती खोली ज्याला एकट्याने जमते ना, त्याचं पुढे दुसरं काहीच होत नाही. तुला जमलं असतं. म्हणून नको म्हटलं.

मला राग आला आहे. कशाचा ते उद्या ठरवीन.

११ एप्रिल, शनिवार

दुरुस्ती मीच लिहिली. चूक माझी, दुरुस्तीही माझी. 'कालच्या अंकात प्रसिद्ध झालेल्या वृत्तासंदर्भात खुलासा करण्यात येतो की, प्रभारी संपादकांची संपादकपदी नियुक्ती झालेली नाही. त्यांचे निधनही झालेले नाही. त्यांना पत्नी, मुले, सुना व नातवंडे नाहीत. अंत्ययात्रेस कोणीही उपस्थित नव्हते.'

कात्रींनी शेवटची दोन वाक्यं कापली. म्हणाले, हे कोणी विचारलं नव्हतं, छोटी. मॅडम म्हणाले नाहीत.

चौकट बारीक होती. चौथ्या पानावर, खाली.

१३ एप्रिल, सोमवार

नव्या संपादकांना खोली, फाइल्स, किल्ल्या दिल्या. त्यांचे पाय टेकतात. त्यांनी विचारलं, तुम्हाला कुठलं पान आवडेल? मी म्हटलं, विचार करून सांगते. खरं तर बाणेदार काहीतरी पाठ करून गेले होते, राजीनाम्यासारखं. पण त्यांनी इतकं साधं विचारलं की ते बाणेदार वाक्य कुठे ठेवावं कळेना.

दुपारच्या अंकात त्यांच्या नेमणुकीची बातमी. तीन ओळी. खेळपान माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होती, पण तिला सामन्याचा फोन आला. मी थोडा वेळ थांबले. फोन लांबला.

रजा शिल्लक होती. आठवडाभराची टाकली. कारण: वैयक्तिक.

१४ एप्रिल

घरी. कपाट आवरलं.

१५ एप्रिल

ऑफिसातून कोणाचा फोन नाही. माझ्याशिवाय काम कसं अडलं असेल याची कल्पना येते. बहुतेक संकोच वाटत असणार. दोनदा रिसीव्हर उचलून पाहिला, फोन चालू आहे का म्हणून. चालू आहे.

१६ एप्रिल, गुरुवार

सकाळी फोन वाजला. पहिल्याच रिंगला उचलला. (पुढच्या वेळी तिसऱ्या रिंगला उचलायचा.)

एक वयस्कर गृहस्थ. आवाज ओळखीचा नव्हता. म्हणाले, संपादकांचंच घर ना? परगावी होतो, साचलेले अंक आज वाचले. फार वाईट झालं. मी दुरुस्तीचं सांगणार होते, पण ते थांबेनात. म्हणाले, तुम्ही त्यांच्या कोण? मी म्हटलं, घरचीच. ते म्हणाले, वय तरी काय होतं, आणि मागे एवढी नातवंडं. मी म्हटलं, हो, ते जरा चुकलंय. म्हणाले, पेपरात आता असंच चालायचं.

मग विचारलं, स्वभावाने कशा होत्या हो? पेपरात सगळ्यांबद्दल चांगलंच लिहितात.

मी विचार केला. घाईने उत्तर देऊ नये. म्हटलं, कामाला काटेकोर होत्या. दार उघडं ठेवायच्या.

ते म्हणाले, चांगलं, चांगलं. मग म्हणाले, ही वेळ नाही, पण विचारतो. माझा एक पुतण्या आहे, लिहिण्याचा फार नाद. ती त्यांची जागा आता रिकामी असेल ना?

मी म्हटलं, नाही. भरली. सोमवारीच.

ते म्हणाले, इतक्या लवकर?

मी म्हटलं, हो.

माणसाची काही किंमत नाही, ते म्हणाले. मग त्यांच्या बायकोच्या आजारपणाचं बोलू लागले, परगावी त्यासाठीच गेले होते. तिथल्या डॉक्टरांचं, जिन्यांचं, रोजच्या पथ्याचं. बराच वेळ बोलले. मी मध्ये मध्ये हो म्हणत होते. शेवटी म्हणाले, तुमचा वेळ घेतला. मी म्हटलं, नाही, नाही, बोला ना.